ऑफ-सीझनमधलं बेनिडॉर्म आणि आपली गच्ची

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ऑक्टोबर २०२४ मध्ये कोजागरीच्या रात्री गच्चीवर केलेलं भाषण. बोलताना जे सुटलं ते लिहिताना थोडं भरून काढलं आहे. बाकी तसंच ठेवलं आहे.)

अध्यक्ष महोदय, सेक्रेटरी साहेब, समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, मागे टाकीला टेकून बसलेल्या भाऊ मंडळींनो आणि मोबाईलवरून जरा वेळ नजर काढलेल्या पोरांनो,

सेक्रेटरींचा फोन आला, "मॅडम, स्पेनला जाऊन आलात, त्यावर वीस मिनिटं बोला." मी म्हणलं, अहो, फोटो सगळ्यांनी ग्रुपवर बघितलेत, आता बोलण्यासारखं काय राहिलं? तर म्हणाले, "काही बी बोला, दूध आटेपर्यंत वेळ काढायचाय." तेव्हा दूध आटेपर्यंत मी बोलणार आहे. आटलं की हात वर करा.

माझी लेक आणि जावई व्हॅलेन्सिया नावाच्या शहरात नोकरीला आहेत. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं नव्वद दिवसांच्या व्हिसावर त्यांच्याकडं गेलो. जानेवारीच्या शेवटी लेक म्हणाली, आई, चार दिवस समुद्रावर जाऊन या, मी बुकिंग करते, आता ऑफ-सीझन आहे, स्वस्त पडतं. हे लगेच म्हणाले, "ऑफ-सीझनला जाऊन काय बघायचं? बंद दुकानं?" आमच्या ह्यांची सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून झालेली. सीझन म्हणजे यात्रा, लग्नसराई, जादा गाड्या. ऑफ-सीझन म्हणजे रिकाम्या गाड्या आणि डेपोचा तोटा. त्यांच्या डोक्यात जगाचे हे दोनच भाग आहेत.

तसं बघितलं तर सीझन-ऑफसीझन आपल्याला काय नवीन आहे? मी २२ वर्षं नांदेडला भूगोल शिकवला. तिथं दसरा-दिवाळीला आणि होला मोहल्ल्याला गुरुद्वाऱ्याच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते, पंजाबातनं गाड्याच्या गाड्या येतात, आणि मधल्या एखाद्या महिन्यात तोच रस्ता असा मोकळा की रिक्षावाले झोपलेले. आणि आपलं लातूर? आपलं तर अख्खं गावच सीझनवर चालतंय. जूनमध्ये ट्रंका घेऊन पोरं उतरतात, मेस सुरू होतात, खोल्यांची भाडी वाढतात. मे महिन्यात नीटचा पेपर झाला की दोन दिवसांत गाद्या गुंडाळून पोरं गावाला. मग क्लासेसच्या त्या गल्लीत जाऊन बघा, झेरॉक्सवाला माशा मारत बसलेला असतो. आपण समुद्रापासून लांब आहोत म्हणून त्याला कोणी टुरिझम म्हणत नाही, एवढंच.

तर बेनिडॉर्म. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठावर. बसनं दोन-अडीच तास लागले. बस वळणावरनं खाली उतरली आणि ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. समोर एकदम मुंबईच. समुद्राच्या कडेनं काड्यापेट्या उभ्या केल्यासारख्या उंच उंच इमारती. नोंदलेली लोकसंख्या ७० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण ऑगस्टमध्ये त्याच्या कित्येक पट माणसं तिथं राहतात. त्या माणसांसाठी त्या इमारती.

संध्याकाळी आम्ही पोनिएंते नावाच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो. तिथली फरसबंदी लाटेसारखी वळत जाते आणि तिला नाना रंग दिलेत. हवा छान, आपल्या दिवाळीतल्या सकाळसारखी. वाळूवर माणूस नाही. खुर्च्या एकात एक घालून साखळीनं बांधलेल्या. आईस्क्रीमच्या दुकानाचं शटर खाली, त्यावर कसलीशी चिठ्ठी चिकटवलेली. अंधार पडला तसे दिवे लागायला लागले आणि मग माझ्या लक्षात आलं की इमारतींमध्ये दिवेच लागत नाहीयेत. रस्त्यावर झगझगाट, आणि वरती काळोख. एक इमारत मी मोजली. २१ मजले, आणि उजेड असलेल्या खिडक्या ११. बाकी सगळ्या पट्ट्यांचे पडदे खाली ओढून बंद. लोकांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवलेली घरं ती, वर्षातनं दीड महिना उघडायची.

तिथं एक जुळी इमारत आहे, इंटेम्पो नावाची, ४७ मजली. २००७ मध्ये काम सुरू झालं, मंदीत अडकलं, आणि कुठं २०२१ मध्ये पूर्ण झाली. आपल्याकडं बिल्डर पळून गेला की आपण म्हणतो भारतात असंच. तसं काही नाही, तिकडंही असंच.

मी ह्यांना म्हणलं, आपली बिल्डिंग आठवली. हे काही बोलले नाहीत. आपले २४ फ्लॅट. त्यातले ९ बंद. मी नावं घेत नाही, सगळ्यांना माहीत आहेत. कुणाची मुलं पुण्यात, कुणी स्वतःच मुलाकडं हैदराबादला. आणि आम्ही तिकडं गेलो तेव्हा दहावा आमचा. समोरच्या रस्त्यावरनं कुणी आपल्या बिल्डिंगच्या खिडक्या मोजल्या असत्या तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भलताच प्रकार. नाश्ता साडेसातला सुरू होणार होता. आम्ही सात वाजून वीस मिनिटांनी खाली गेलो तर जेवणघराच्या दारात ही मोठी रांग. सगळे म्हातारे. काठ्या, वॉकर, बायकांच्या गळ्यात मोत्याच्या माळा, केस नीट बसवलेले. रांगेत पुढं घुसण्यावरनं दोघींची चक्क बाचाबाची चाललेली. हे हळूच म्हणाले, "टँकर आलाय काय गं?"

मग कळलं की गाव रिकामं नाहीच. रिकामी आहेत ती मालकांची घरं. हॉटेलं म्हाताऱ्यांनी भरलेली आहेत. ह्याचं कारण मला लेकीनं फोनवर सांगितलं, नंतर मी वाचलंही. स्पेनच्या सरकारची १९८५ पासून एक योजना आहे, इमसेर्सो म्हणतात तिला. निवृत्त लोकांना ऑक्टोबर ते जूनच्या काळात आठ-दहा दिवस समुद्रकाठी किंवा दुसऱ्या गावी स्वस्तात नेतात. राहणं, जेवण, प्रवास त्यातच. काही पैसे ते भरतात, काही सरकार. आता सरकारला एवढा म्हाताऱ्यांचा पुळका का, तर तो अर्धाच. दुसरा अर्धा असा की हिवाळ्यात हॉटेलं बंद ठेवली तर वेटर, स्वयंपाकी, साफसफाईच्या बाया सगळे घरी बसणार, त्यांना बेकारभत्ता द्यावा लागणार. त्यापेक्षा रिकाम्या खोल्या आणि रिकामी माणसं यांची गाठ घालून द्या. हॉटेलवाले कुरकुरतात, सरकार माणशी फार कमी पैसे देतं म्हणतात. पण ३५-४० वर्षं योजना चालू आहे.

त्यात इंग्लंडचेही पुष्कळ म्हातारे तिथं हिवाळा काढायला येतात, घरी थंडी आणि पाऊस म्हणून. ते चारचाकी बॅटरीच्या खुर्च्यांवरनं फुटपाथवर अशा सुसाट जातात की आम्ही दोनदा दुकानात शिरून जीव वाचवला. ह्यांचा गुडघा तुम्हाला माहीत आहे. ते त्या खुर्चीकडं ज्या नजरेनं बघत होते, तशी नजर आमच्या लग्नातल्या फोटोत पण नाही.

लेवांते नावाचा दुसरा किनारा आहे, तिथं सकाळी वाळूवर शंभरेक माणसं हातवारे करत व्यायाम करत होती. ऐंशीच्या आजीबाई टाचा उचलत होत्या. शेजारी कडकडून भांडत पत्ते खेळणारे. दुपारी चारला हॉटेलाच्या हॉलमध्ये नाच. नवरा-बायको, नाहीतर दोन बायका मिळून, कारण नवरे बरेचसे गेलेले असतात. एक बाई आमच्या टेबलाशी आल्या, ह्यांचा हात धरला आणि ओढत नेलं. एसटीच्या वाहतूक नियंत्रकानं भूमध्य समुद्राच्या काठी नाच केलेला मी पाहिला. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला नव्हता, त्यांची परवानगी नाही. (इथं गच्चीवर फार हशा झाला. हे उठून दूध बघायला गेले.)

रात्री हे म्हणाले ते मात्र ध्यानात ठेवण्यासारखं होतं. म्हणाले, "आपल्या एसटीनंबी केलंय की. ७५ च्या वर फुकट केलं २०२२ ला, बायांना अर्धं तिकीट २०२३ ला. गाड्या भरल्या. पण म्हातारं माणूस फुकट गाडीत बसून जाणार कुठं? लेकीच्या घरी, न्हाईतर देवाला. उतरल्यावर पाठ टेकायला स्वस्त जागा कोण देतंय?"

आता तिसऱ्या दिवसाची गोष्ट सांगते. खरं तर ह्या एका दिवसासाठी मी बोलायला कबूल झाले.

त्या दिवशी १ फेब्रुवारी होता. हॉटेलच्या टीव्हीवर सारखं पाणी, धरण, भेगाळलेली जमीन दिसत होती. बार्सिलोना आणि आजूबाजूच्या भागात दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली होती. ती भेगाळलेली जमीन बघून मला क्षणभर धनेगावचं मांजरा धरणच वाटलं, आणि मी चमचा खाली ठेवला. जेवण वाढणारा एक साठीच्या आतला माणूस होता, थोडं इंग्रजी यायचं. त्याला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणलं, आमच्या गावालाही असंच झालं होतं, आम्हाला रेल्वेनं पाणी आणलं. तो थांबला. ट्रे टेबलावर ठेवला. म्हणाला, "रेल्वेनं? आम्हाला जहाजानं."

१९७८ साली बेनिडॉर्मचं पाणी संपलं होतं. तो तेव्हा दहा वर्षांचा. टोलेजंग हॉटेलं उभी, गिऱ्हाईक दारात, आणि नळाला पाणी नाही. मग जहाजांतून पिण्याचं पाणी आणावं लागलं. तो सांगत होता, पाहुणे सामान बांधून परत गेले, त्याच्या आईचं हॉटेलातलं काम सुटलं, आणि समुद्राकडं बघितलं की आई शिव्या घालायची. एवढं पाणी समोर आणि प्यायला थेंब नाही.

भूगोलाच्या बाईला तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट उलगडली, ती सांगूनच टाकते. आपल्याकडं पाऊस उन्हाळा संपल्यावर येतो, चार महिने. भूमध्य समुद्राच्या काठी उलटं आहे. पाऊस असला तर थंडीच्या बाजूला, आणि उन्हाळा अगदी कोरडा. पाहुणे मात्र त्या कोरड्या उन्हाळ्यातच येतात, कारण ऊनच त्यांना हवं असतं. म्हणजे जेव्हा पाणी सगळ्यात कमी तेव्हाच माणसं सगळ्यात जास्त. त्यात त्या भागाला आपल्या लातूरच्या जेमतेम निम्मा पाऊस.

आपली गोष्ट पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते, मोठ्यांनी ऐकून घ्या. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या व्हायला लागल्या म्हणून मार्चमध्ये जमावबंदी, १४४ कलम लावलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणींची, ५ लाख लिटर. तिला जलदूत म्हणत. पुढं ५० वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. कृष्णेचं पाणी, साडेतीनशे किलोमीटरवरनं. ऑगस्टपर्यंत शंभराच्या वर खेपा झाल्या. देशभरातले पत्रकार आले, आपले हंडे टीव्हीवर दिसले. माझी नांदेडची बहीण फोनवर म्हणाली, "कपडे घेऊन इकडं ये." गेले मी, दोन सुटकेसा मळक्या कपड्यांच्या घेऊन. तिकडंही मोजूनच पाणी होतं, पण बहिणीनं दिलं.

त्या वेटरला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या इमारतीत लोकांनी एकमेकांना पाणी दिलं असेल ना? आमच्या गल्लीत सगळ्यांनी दिलं."

मी "हो" म्हणलं.

ते खोटं होतं. कसं, ते आज इथं सांगते, कारण ज्या टाकीमागं तुम्ही काही जण बसला आहात, तिच्या शेजारचा तो रिकामा चौथरा दिसतो? तिथं आमची काळी टाकी होती, ५०० लिटरची. सोसायटीच्या टाकीपासून वेगळी. मी खासगी टँकरवाल्याला जादा पैसे देऊन ती भरून घेतली होती आणि झाकणाला कुलूप लावलं होतं. तेव्हा दुसऱ्या मजल्यावर तीन मुली भाड्यानं राहायच्या, डॉक्टर व्हायला आलेल्या. एप्रिलमधली रात्र होती. त्यातली एक, उदगीरकडची, बादली घेऊन दारात आली. म्हणाली, "मॅडम, अर्धी बादली द्याल का? उद्या टेस्ट आहे, तीन दिवस झाले अंघोळ नाही." मी म्हणलं, "बाळा, आमचंच पुरंना गेलंय." ती "बरं" म्हणाली आणि निघून गेली. मी शिक्षिका. आयुष्यभर मुलींना शिकवलेलं. वर ५०० लिटर पाणी होतं, आणि मी दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्या तिघी खोली सोडून गेल्या. तिला मी नंतर कधी बघितलं नाही.

हे ह्यांनाही तोवर माहीत नव्हतं. बेनिडॉर्मच्या त्या जेवणघरात, वेटर गेल्यावर, मी सांगितलं. हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "टाकी विकून टाकू." मार्चमध्ये परत आल्यावर विकली. तुम्ही विचारत होता ना चौथरा का रिकामा?

असो. त्या गावानं पुढं काय केलं ते ऐका, ते आपल्या कामाचं आहे. तेव्हाच्या सुमारास त्यांनी आजूबाजूच्या गावांना बरोबर घेऊन पाण्यासाठी एक संयुक्त मंडळ केलं. त्या भागात शेतकरी आहेत, लिंबा-संत्र्यांच्या बागा आहेत, आणि धरण-विहिरींच्या चांगल्या पाण्यावर हक्क त्यांचा. गावाकडं काय आहे? तर सांडपाणी, हजारो खोल्यांचं. मग सौदा झाला. गाव आपलं सांडपाणी शुद्ध करून बागांना देणार, आणि शेतकरी आपल्या वाट्याचं गोडं पाणी गावाला पिण्यासाठी सोडणार. ज्याच्याकडं जे पडून आहे ते त्यानं द्यायचं आणि नड असेल ते घ्यायचं. शेतकरी काही खुशीत नाचत नाहीत. शुद्ध केलेल्या पाण्याचा खारटपणा वाढला की झाडांना सोसत नाही, मग भांडणं होतात. पण हा व्यवहार टिकला.

(इथं तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी विचारलं, समुद्राचं पाणी गोड का करत नाहीत? करतात. स्पेनच्या त्या किनाऱ्यावर तसे कारखाने आहेत. पण त्याला वीज फार लागते, पाणी महाग पडतं. म्हणून आधी हातातलं पाणी दोनदा वापरून घेतात.)

अजून एक गंमत. मला वाटायचं, ह्या काड्यापेट्यांनीच पाणी संपवलं असणार. उलटं आहे म्हणे. उंच इमारतीत माणशी पाणी कमी लागतं. जास्त पाणी पितात त्या डोंगरउतारावरच्या बंगल्यांच्या हिरवळी आणि खासगी पोहण्याचे हौद. म्हणजे आपण चोवीस कुटुंबं एकावर एक रचून राहतो, ते पाण्याच्या हिशेबात चांगलंच आहे. फक्त एकेकट्याच्या काळ्या टाक्या नकोत.

निघायच्या दिवशी आम्ही जुन्या गावात गेलो. दोन किनाऱ्यांच्या मधे एक उंचवटा आहे, निळ्या घुमटांचं चर्च आहे, आणि टोकाला पांढऱ्या कठड्याचा सज्जा, थेट समुद्रावर. पूर्वी हे मासेमारांचं गाव होतं, ट्यूना धरण्याची मोठी जाळी टाकण्यात इथले लोक पटाईत. १९५० च्या दशकात इथं एक महापौर होते, पेद्रो सारागोसा. मासेमारीवर भागेना, म्हणून त्यांनी गाव पाहुण्यांसाठी खुलं करायचं ठरवलं. त्या काळी बाहेरच्या बायका तोकड्या कपड्यांत वाळूवर बसल्या म्हणून गावात गदारोळ. तर हे गृहस्थ, असं सांगतात, व्हेस्पा स्कूटरवर बसून माद्रिदला गेले आणि खुद्द हुकूमशहा फ्रँकोला भेटून परवानगी पक्की करून आले. आपले अध्यक्ष महोदय नळाच्या अर्जासाठी महापालिकेत स्कूटरवर गेलेले मी बघितलेत, म्हणून हे खरंच असावं असं मला वाटतं.

त्या सज्जावर एक आजी बाकावर बसल्या होत्या. आतल्या कुठल्याशा खेड्यातनं इमसेर्सोच्या बसनं आलेल्या. लेकीनं मोबाईलमध्ये भाषांतराचं करून दिलं होतं, त्यावर आम्ही बोललो. दोन मुलगे, एक जर्मनीत, एक माद्रिदला. मी म्हणलं, माझी लेक व्हॅलेन्सियाला. त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्या घराजवळ. आम्ही दोघी हसलो. मी विचारलं, तुमचं घर आता बंद आहे का? तर म्हणाल्या, नाही, शेजारणीची नात तिथं बसून अभ्यास करते, तिच्या घरी चार भावंडं आहेत. ती कुंड्यांना पाणी घालते, मी तिच्याकडून वीजबिल घेत नाही.

बसमध्ये बसल्यावर मी ह्यांना म्हणलं, आपल्या घराची किल्ली कुणाकडं आहे? हे म्हणाले, बँकेच्या लॉकरात.

आता माझं सांगणं संपतच आलंय. येत्या डिसेंबरात लेकीचं बाळंतपण आहे, आम्ही पुन्हा तीन महिने जाणार. ह्या वेळी किल्ली लॉकरात ठेवायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. आतल्या दोन खोल्यांना कुलूप लावीन, पण हॉल मोकळा. लांब टेबल आहे, पंखा आहे, सहा खुर्च्या आहेत. ह्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहणाऱ्या आणि समोरच्या होस्टेलमधल्या मुली रात्री जिन्यात बसून अभ्यास करतात, आपण त्यांना ओलांडून जातो. त्यांनी सकाळी सात ते रात्री नऊ तिथं बसावं. वीजबिल मी भरीन. त्यांनी झाडलोट करावी, माझ्या तुळशीला पाणी घालावं. आणि कुणाकडं पाणी आलं नाही तर माझ्या नळाचं घ्यावं, न विचारता.

कमिटीत हा विषय मी मागच्या महिन्यात काढला तेव्हा काय काय निघालं ते सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांत नोंद करावी लागेल का, लिफ्टचा मेंटेनन्स कुणी द्यायचा, चपला कुठं काढायच्या, एकीनं आत येऊन दुसऱ्या दिवशी दहा जणी आल्या तर. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मॅडम, तुमचं चांगलंय, तुम्ही तिकडं, आणि दंगा ऐकायचा आम्ही." खोटं नाही त्यांचं. त्यांच्या भिंतीला माझा हॉल लागून आहे. वहिनी, तुम्ही म्हणाल ती वेळ. नऊ जास्त वाटत असेल तर आठ करू.

रविवारी सकाळी दहाला मीटिंग आहे, खाली पार्किंगमध्ये. बंद असलेल्या बाकीच्या नऊ फ्लॅटच्या मालकांना सेक्रेटरींनी फोन केलेत, दोघं जण पुण्याहून येणार आहेत असं कळलंय. ते काय म्हणतात ते बघू.

हे तिकडनं हात वर करायलेत. दूध आटलं वाटतं. वेलदोडे घातले का हो? घाला, आणि आधी त्या जिन्यातल्या पोरींना वर बोलवा.